'मेरी रायली' (१९९६) : बघण्याआधी आणि बघून झाल्यावर हमखास विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आमचा एक छोटा गट आहे. महिन्यातून एकदा एरंडवण्यात एका सभासदाच्या दिवाणखान्यात जमायचं, चित्रपट बघायचा आणि मग त्यावर भांडायचं, एवढाच कार्यक्रम. 'मेरी रायली' लावायचं ठरल्यापासून ग्रुपवर प्रश्नांची रांग लागली आणि बघून झाल्यावर ती आणखी वाढली. तेच तेच टाइप करायचा कंटाळा आला म्हणून हे पान. शेवटाची चर्चा ज्या उत्तरात आहे तिथे तशी सूचना दिली आहे. ती वाचूनही पुढे गेलात तर मग तक्रार करायची नाही.

हा नेमका कुठला चित्रपट? नावही कधी ऐकलं नाही.

नाव ऐकलं नसेल तर त्यात तुमचा काही दोष नाही. डॉ. जेकिल आणि मि. हाइड ही जोडी तुम्हाला ठाऊक असते : सज्जन डॉक्टर, एक औषध आणि त्या औषधातून मोकळा सुटणारा त्याचा दुष्ट अवतार. हा चित्रपट तीच गोष्ट सांगतो, पण डॉक्टरांच्या घरी झाडलोट करणाऱ्या मुलीच्या बाजूने. तिचं नाव मेरी रायली. दिग्दर्शक स्टीफन फ्रिअर्स, पटकथा ख्रिस्टोफर हॅम्प्टन. मेरीच्या भूमिकेत ज्युलिया रॉबर्ट्स, जेकिल आणि हाइड दोन्ही जॉन माल्कोविच. लांबी १०८ मिनिटं. मुळात ही व्हॅलरी मार्टिन या अमेरिकन लेखिकेची १९९० सालची कादंबरी, तीही मेरीच्या रोजनिशीच्या रूपात लिहिलेली.

'नॉस्फेरातू' २०२४ मध्ये नव्याने आला, २०२५ मध्ये 'फ्रँकेन्स्टाइन', त्यामुळे जुन्या राक्षसांना सध्या बरे दिवस आहेत. अशीच एक लाट नव्वदच्या दशकातही आली होती. १९९२ मध्ये कपोलाचा 'ड्रॅक्युला' चालला, १९९४ मध्ये ब्रानाचा 'फ्रँकेन्स्टाइन' आला, आणि लाट ओसरता ओसरता 'मेरी रायली' किनाऱ्याला लागला. त्या तिन्हींत हा सगळ्यांत कमी बोलबाला झालेला. माझ्या मते सगळ्यांत विचारी हाच.

आधी स्टीव्हन्सनचं जेकिल-हाइडचं मूळ पुस्तक वाचायला हवं का?

हवंच असं नाही, पण वाचा. शंभरेक पानांचं आहे, एका संध्याकाळी संपतं. अप्पा बळवंत चौकात किंवा डेक्कनच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे स्वस्त आवृत्ती मिळून जाते. १८८६ सालच्या या पुस्तकात जेकिल आणि हाइड हा एकच माणूस आहे हे वाचकाला अगदी शेवटी कळतं. तोपर्यंत ती एका वकिलाने केलेली चौकशी असते : माझा हा प्रतिष्ठित मित्र असल्या हलकट माणसाच्या नावाने मृत्युपत्र का करून ठेवतो? आज हे गुपित शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. तरी वाचताना एका गोष्टीकडे लक्ष द्या, घराच्या दारांकडे. दर्शनी दार श्रीमंती थाटाचं. मागच्या गल्लीतलं दार रंगाचे फोड आलेलं, डागाळलेलं, ना घंटा ना कडी. हाइड त्या मागच्या दाराने ये-जा करतो. लंडनमधल्या लेस्टर स्क्वेअरला जॉन हंटर या अठराव्या शतकातल्या शल्यचिकित्सकाचं घर होतं. पुढून पाहुणे आणि रुग्ण यायचे, मागून चिरफाडीसाठी प्रेतं. जेकिलच्या घराचा नमुना तोच, असं पुष्कळ जण मानतात.

पुस्तकात ही मोलकरीण आहे का, की सगळंच मनाचं?

मेरी या नावाची कोणी नाही. पण पुस्तकात नोकर माणसं आहेत, आणि ती नेमक्या जागी आहेत. हाइड भर रस्त्यात एका म्हाताऱ्या खासदाराला काठीने ठेचून मारतो, ते खिडकीतून बघते ती एक मोलकरीणच. आणि 'शेवटची रात्र' या प्रकरणात वकील जेकिलच्या घरी येतो तेव्हा सगळे नोकर दिवाणखान्यात शेकोटीपाशी मेंढरांसारखे दाटीवाटीने उभे असतात. वकिलाला बघून घरातली एक मोलकरीण रडू लागते. बटलर पूल तिच्यावर खेकसतो, तोंड बंद कर म्हणून. झालं. पुस्तकातलं तिचं काम इतकंच. कशासाठी रडली, तिला काय काय माहीत होतं, हे कोणी विचारत नाही. ही कादंबरी आणि हा चित्रपट, दोन्ही त्या रडण्याच्या आत शिरतात असं मला वाटतं.

स्टीव्हन्सनच्या पुस्तकात बाईला जागाच नाही. सगळे पुरुष, तेही बहुतेक अविवाहित, एकमेकांकडे जेवायला जाणारे. नाटकवाल्यांना ते परवडेना. १८८७ मध्ये बोस्टनला रिचर्ड मॅन्सफील्डने नाटक केलं तेव्हा जेकिलला एक वाग्दत्त वधू मिळाली. पुढे चित्रपटांनी दुसऱ्या टोकाला एक 'तसल्या वस्तीतली' बाई आणली. शंभर वर्षं हेच चाललं : एक सोज्वळ, एक बदनाम, आणि दोघींच्या मधे डॉक्टर. तिसरी बाई, जी या सगळ्यांची ताटं उचलते, तिच्याकडे बघायला १९९० उजाडावं लागलं.

भीतिदायक आहे का? मुलांना दाखवावा का?

दचकवणारा नाही. दार करकरलं, मांजर उडी मारून गेलं, असला प्रकार नाही. अंगावर येणारा मात्र आहे : कुंटणखान्यातली रक्ताने माखलेली खोली, स्वयंपाकघरात सोलला जाणारा वाम मासा आणि मेरीच्या लहानपणची उंदराची हकीकत. मुलांना नको. उंदरांची किळस असलेल्या मोठ्यांनीही जरा जपून.

एवढी बडी मंडळी, मग पडला कसा?

मंडळी खरोखरच बडी. फ्रिअर्स, हॅम्प्टन, माल्कोविच, ग्लेन क्लोज, छायालेखक फिलिप रूसलो, कलादिग्दर्शक स्टुअर्ट क्रेग, हे सगळे १९८८ च्या 'डेंजरस लिएझन्स'मध्ये एकत्र होते आणि त्या चित्रपटाने ऑस्कर नेले होते. शिवाय 'प्रिटी वूमन'ची नायिका. असं पान वाढल्यावर कोण उपाशी उठेल?

पण उठले. सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलर खर्च झाले, अमेरिकेत ६० लाखांच्या आतच गाडी थांबली. कारणं शोधायला लांब जायला नको. सुरुवातीला हा चित्रपट टिम बर्टन करणार होता, तो 'एड वूड'कडे वळला. मग फ्रिअर्स आले. शेवट मनासारखा जमेना, पुन्हा चित्रीकरण झालं, प्रदर्शन लांबत गेलं. असं झालं की वर्तमानपत्रं चित्रपट लागायच्या आधीच त्याचं तेरावं उरकतात. जाहिरात धड भयपटाचीही नव्हती आणि धड प्रेमकथेचीही. ज्युलिया रॉबर्ट्सचं प्रसन्न हसू बघायला आलेल्यांना दीड तासाहून जास्त वेळ करडी भिंत आणि दबलेला आवाज मिळाला.

मजा म्हणजे त्याच १९९६ साली हा चित्रपट बर्लिन महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत होता, आणि वर्षभरातल्या सगळ्यांत वाईट कामांना मिळणाऱ्या रॅझी पुरस्कारांसाठी त्याची नायिका आणि दिग्दर्शक दोघांनाही नामांकन होतं. दोन्ही निवडी एकाच चित्रपटाच्या! रॉजर एबर्ट या ख्यातनाम अमेरिकी समीक्षकाने मात्र त्याला चारपैकी तीन तारे दिले होते, हेही नोंदवून ठेवतो.

दोघे एकच आहेत हे आम्हाला माहीत असतं, मेरीला नसतं. मग तासभर नुसती वाट बघत बसायचं?

या चित्रपटावरचा सगळ्यांत वजनदार आक्षेप हाच आणि तो मी पूर्ण खोडून काढू शकत नाही. प्रेक्षक नायिकेच्या पुढे निघून गेला की तो जांभया देऊ लागतो. मधली वीसेक मिनिटं मलाही सैल वाटतात.

पण एक करून बघा. 'हिला कधी कळणार?' असं विचारू नका. 'हिला किती कळलंय आणि ती किती गिळतेय?' असं विचारून बघा. जेकिल नोकरांना जमवून सांगतो की मि. हाइड नावाचा माझा मदतनीस आता घरात वावरेल, त्याला कोणी अडवायचं नाही. नोकर एकमेकांकडे बघतात. कोणी काही बोलत नाही. घरातला पलंग कोण आवरतो, चादरीवरचे डाग कोण काढतो, मालक पहाटे किती वाजता आला हे कोणाला माहीत असतं? घरातलं सगळं ज्यांना कळतं त्यांनीच काही कळलं नसल्यासारखं वागायचं, हाच नोकरीचा पहिला नियम. मेरी जेकिलची चिठ्ठी घेऊन मिसेस फॅराडेच्या कुंटणखान्यात जाते. ही फॅराडे म्हणजे ग्लेन क्लोज, भडक रंगवलेली, मोजकीच दृश्यं पण सगळी खाऊन टाकणारी. ती मेरीला वर नेऊन ती रक्ताळलेली खोली दाखवते. मेरी परत येते आणि कामाला लागते. तिच्या तोंडावर काय चाललंय ते बघा. मला तरी त्यात अजाणतेपण दिसत नाही. नोकरी टिकवायची आहे, आणि शिवाय त्या माणसावर जीव जडला आहे.

माल्कोविच दोन्हींत सारखाच दिसतो. घरातल्यांना ओळखू कसं येत नाही?

जेकिलला दाढी आणि पिकत आलेले केस. हाइड बिनदाढीचा, तरुण, केस काळे आणि लांब. बस्स. हसण्यावारी नेलं गेलं ते हेच. लोकांच्या डोक्यात हाइड म्हटला की १९३१ चा फ्रेडरिक मार्च येतो, सुळे बाहेर आलेला, वानरासारखा केसाळ. त्या कामाला ऑस्कर मिळालं होतं.

आता पुस्तक उघडा. स्टीव्हन्सनचा हाइड जेकिलपेक्षा लहानखुरा आणि वयाने तरुण आहे. त्याच्याकडे बघून प्रत्येकाला काहीतरी व्यंग असल्यासारखं वाटतं, पण कुठलं व्यंग ते कोणालाच बोट ठेवून सांगता येत नाही. म्हणजे सुळे आणि केस हे नाटक-सिनेमावाल्यांचं देणं. माल्कोविचचा हाइड पुस्तकाला जास्त जवळचा आहे. राहिलं ओळखू न येण्याचं. नोकरांनी मालकाच्या तोंडाकडे टक लावून बघायचं नसतं, आणि मालकाने जे सांगितलं ते खरं धरायचं असतं. एवढं स्पष्टीकरण मला पुरतं. आमच्या गटातल्या निम्म्या लोकांना पुरत नाही. चालायचंच.

ते घर खरं आहे का? त्याबद्दल जरा सांगा.

सांगतो, कारण चित्रपटातला खरा राक्षस तेच आहे. काही चित्रीकरण एडिंबरात झालं, स्टीव्हन्सनच्या जन्मगावी. बाकी घर पाइनवूड स्टुडिओत उभारलेलं. कथेत लंडन असलं तरी त्यातलं वातावरण एडिंबराचंच आहे असं चेस्टरटन या इंग्रज लेखकाने पूर्वीच म्हणून ठेवलंय.

पुढचं घर नीटनेटकं, अंधारं, पायऱ्यांवर पायऱ्यांचं. मधे अंगण. पलीकडे जुन्या शस्त्रक्रियागृहात जेकिलची प्रयोगशाळा, आणि तिथे जायला साखळदंडांवर लटकता पूल. कसब्यातल्या किंवा शनिवारातल्या जुन्या वाड्यात राहिलेल्यांना हा नकाशा समजावून सांगावा लागत नाही : दर्शनी चौकात मंडळी बसलेली, मागच्या चौकात कोणी बोलत नाही अशा गोष्टी, आणि दोन्हीकडे जाणारी एकच व्यक्ती, पाणी भरणारी.

हे घर ज्याने रचलं तो स्टुअर्ट क्रेग. त्याचं पुण्याशीही जुनं नातं आहे. ॲटनबरोच्या 'गांधी'चा कलादिग्दर्शक तोच. त्या कामासाठी त्याला ऑस्कर मिळालं, आणि त्या चित्रपटातल्या नजरकैदेचं चित्रीकरण नगर रस्त्यावरच्या आपल्या आगाखान पॅलेसमध्ये झालं होतं. पुढे हॅरी पॉटरच्या आठही चित्रपटांतलं हॉगवर्ट्सही त्याचंच. लटकते पूल, हलते जिने यांची आवड कुठून आली असेल याचा अंदाज तुम्ही करा.

रूसलोच्या कॅमेऱ्याबद्दल एकच सूचना. पहिल्याच दृश्यात मेरी धुक्यात घराची दगडी पायरी घासते आहे. गुडघ्यांवर, हातात ब्रश, शेजारी बादली. मालक बाहेरून परत येतो आणि तिच्या हातावरचे व्रण बघतो. रंग म्हणाल तर दगडाचा, पाण्याचा, कपड्याचा, सगळा राखाडी. इतका वेळ राखाडी बघितल्यावर पुढे लाल दिसतो तेव्हा तो नुसता रंग राहत नाही.

शहाणी मुलगी, मग हाइडकडे ओढली कशी जाते? आजच्या काळात हे खटकतं.

खटकायलाच हवं. पण चित्रपटाने त्याचं कारण दिलं आहे आणि ते हाताच्या त्या व्रणांतच आहे. मेरीच्या बापाने लहानपणी तिला जिन्याखालच्या कपाटात उंदरासकट कोंडलं होतं. हा बाप मायकेल गॅम्बनने केला आहे. पुढे हॅरी पॉटरमधला डंबलडोर झाला तोच, पण इथे बघून ओळखू येऊ नये असा. दारू नसताना बरा माणूस, दारू पोटात गेली की दुसराच कोणीतरी.

म्हणजे काय? जेकिलच्या घरी येण्याच्या कितीतरी आधी मेरी जेकिल आणि हाइडबरोबरच वाढली आहे. एका माणसात दोन माणसं असतात हे तिला शिकवायला औषधाच्या बाटलीची गरज नाही, गुत्त्यातली बाटली पुरेशी होती. म्हणून तिला हाइडची भीती वाटते, पण नवल वाटत नाही. डॉक्टर तिला बापाबद्दल खोदून खोदून विचारतो. त्याला वाटतं आपण विज्ञानाचा काही मोठा प्रश्न सोडवतो आहोत. तिच्याकडे उत्तर आयतं आहे. रोज संध्याकाळी नवरा कोणत्या पावलांनी जिना चढतोय ते ऐकून ओळखणाऱ्या बायका आपल्याही आसपास आहेत, आणि त्यांनी स्टीव्हन्सन वाचलेला नाही.

ओढीबद्दल म्हणाल, तर हाइड हा त्या घरातला एकमेव माणूस आहे जो तिच्याशी नोकर म्हणून बोलत नाही. उर्मटपणे बोलतो, घाणेरडं बोलतो, पण बरोबरीने बोलतो. ते चांगलं आहे असं चित्रपट म्हणत नाही. मीही म्हणत नाही.

ज्युलिया रॉबर्ट्सचं काम खरंच वाईट आहे का?

आयरिश उच्चार मधेमधे निसटतात, मान्य. बाकी रॅझीची टिंगल मला अन्याय वाटते. पडद्यावर मोठी झालेली नटी स्वतःचं हसू गुंडाळून ठेवून इतका वेळ खाली मान घालून वावरते, हे सोपं नाही. जाता जाता, घरातला तरुण नोकर ब्रॅडशॉ नीट बघून घ्या. तो मायकेल शीन, अगदी सुरुवातीच्या दिवसांतला.

आमच्या कामाच्या मावशींना बरोबर बसवून दाखवला तर?

हा प्रश्न एका सभासदाने खरोखर विचारला आणि त्यावर ग्रुपवर चांगलाच वाद झाला. माझं मत : आधी त्यांना विचारा, त्यांच्या कामाच्या वेळेत नव्हे, आणि 'तुमच्याबद्दलचा पिक्चर आहे' असं सांगून तर मुळीच नाही. त्यांना दिवसभर तेच करून पुन्हा तेच बघायची हौस असेल असं गृहीत कशाला धरायचं?

एकदा मात्र असं झालं खरं. चित्रपट चालू असताना त्या घरच्या मावशी चहाचे कप न्यायला आल्या आणि दाराशी जरा थांबल्या. भाषा कळत नव्हती. पडद्यावर मेरी पुन्हा काहीतरी पुसत होती. मावशींनी विचारलं, "हिला सुट्टी कधी असते हो?" आम्ही सगळे चित्रपटाचे जाणकार. कोणालाच सांगता येईना. पुढे मेरीची आई वारते तेव्हा ती पहिल्यांदा स्वतःच्या कामासाठी बाहेर पडताना दिसते, हे त्या प्रश्नानंतर माझ्या ध्यानात आलं.

याच शहरात १९८० साली मोलकरणींनी आपणहून काम बंद ठेवलं होतं, पगारासाठी आणि रजेसाठी. त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. भद्र लोकांची भांडी काही दिवस तशीच पडून होती. मेरी रायलीची गोष्ट पुण्यात बघताना मला परक्या देशातली वाटत नाही, ती त्यामुळेही.

शेवट कळला नाही. (ज्यांनी बघितला नाही त्यांनी हे उत्तर गाळा.)

हाइड औषधात विष मिसळून ते टोचून घेतो, मेरीसमोर त्याचा जेकिल होतो आणि तो मरतो. रूपांतराचं ते दृश्य बघताना हसू येण्याचा धोका आहे. अंगातून दुसरं शरीर बाहेर पडू बघतं, ते १९९६ च्या संगणकाने जमेल तसं केलं आहे. त्याच्यावरून नजर काढा आणि तिच्यावर ठेवा. पुस्तकात या जागी दोन पुरुष कुऱ्हाडीने दार फोडतात आणि आत फक्त प्रेत सापडतं. पुढचं सगळं पत्रांतून कळतं. इथे दार फोडावं लागत नाही, कारण ती आधीपासून आत आहे. ती त्याच्याशेजारी पडून राहते, आणि मग घर सोडून निघून जाते. कुठे जाते हे सांगितलेलं नाही. ते सांगायला हवं होतं असं म्हणणारे गटात बरेच आहेत. मला तिचं जाणंच पुरेसं वाटतं : पायरी आता दुसरी कोणीतरी घासेल.

आपल्याकडे या गोष्टीवर काही झालं आहे का?

हिंदीत १९८१ सालचा 'चेहरे पे चेहरा', संजीवकुमार दुहेरी भूमिकेत. बघायचा तर त्याच्यासाठी बघा. मोलकरणीच्या बाजूने मात्र आपल्याकडे माझ्या बघण्यात काही नाही. वाड्यांच्या या गावात कोणीतरी लिहायला हरकत नाही.

मोबाइलवर बघितला तर चालेल का?

नको. निम्मा चित्रपट मेणबत्तीच्या उजेडात आहे, मोबाइलवर तुम्हाला तुमचाच चेहरा दिसेल. टीव्हीवर लावा, रात्री, खोलीतले दिवे घालवून. टीव्हीचा 'व्हिव्हिड' की काय तो झगमगीत मोड बंद करा, नाहीतर धुकं निळं दिसतं. इंग्रजी सबटायटल्स चालू ठेवा, कारण मेरी फार हळू बोलते. ओटीटीवर तो कधी असतो, कधी नसतो, तेव्हा दिसला की त्याच आठवड्यात बघून टाका. सापडलाच नाही तर ग्रुपवर सांगा, पुन्हा लावू. चहा मिळेल, कप मात्र ज्याचा त्याने विसळायचा.